आराम आहे का?

आमच्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर यशवंतराव देतात. डॉक्टरांनी मला विचारलं, "भूक लागते का?", तर हे म्हणणार, "दोन भाकऱ्या खाते की." भाजीवालीने मला विचारलं, "ताई, मेथी देऊ?", तर खालून गल्ल्यावरून आवाज येणार, "कालच झाली मेथी!" यशवंत कापसे, माझे यजमान. फलटणला आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, त्यामुळे माणूस कायम हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी या सवयीवर चिडले, भांडले, अबोला धरून पाहिला. अबोल्यात तर त्यांचं आणखीच फावलं, दोघांच्या वाटणीचं तेच बोलायला लागले. शेवटी मी नाद सोडला. याच सवयीमुळे एक दिवस माझा पाय मला परत मिळेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी सारिका. आधी खो-खोची खेळाडू, मग गावातल्याच शाळेत खो-खोची प्रशिक्षक. चाळिशी उलटली आणि उजव्या टाचेमागची जाड शीर धरली. जुनी माणसं तिला धोंडशीर म्हणतात, डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. पोटरीचा सगळा जोर टाचेला पोचवणारी ही दोरी. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. थोडं चाललं की मोकळं वाटायचं, आणि मोकळं वाटलं म्हणून मैदानावर पळाले की दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखायचं.

मलमं झाली, शेक झाले, लेप झाले, एक इंजेक्शनही झालं. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच, आराम करा. मी तो किती मनावर घेतला असता देव जाणे, पण यशवंतरावांनी घेतला. पायाखाली उशी, हाताशी पाण्याचा तांब्या, शेंगा सोलायच्या तरी परात पलंगावर. "अगं, उठू नको की. मी आणतो." हे वाक्य तीन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ ऐकलं. माणूस प्रेमाने करत होता, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. घरात आराम भरपूर होता, फक्त पायाला आराम पडत नव्हता.

तिकडे शाळेने चष्मे आणले. ते डोळ्यांवर चढवले की मुलींना समोर एक उत्तम खेळाडू खांबावर झेपावून गडी टिपताना, म्हणजे खांब मारताना, दिसते. तिने किती वाकायचं, पाय कुठे टाकायचा, सगळं हवेत उमटतं. मी खुर्चीवर बसून शिट्टी वाजवायची. एक दिवस मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "कापसे मॅडम, दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रशिक्षकांची मैदानी परीक्षा आहे. मुलींबरोबर पाठलागाचा एक पूर्ण डाव खेळून दाखवायचा. नाहीच जमलं तर चष्मे आहेत. तुम्हाला ग्रंथालयात घेऊ. बसून काम, तुम्हालाही आराम."

पुन्हा आराम! मला त्या शब्दाचीच चीड यायला लागली होती.

चष्मा सगळं दाखवतो, मान्य आहे. पण खो देताना पाठीवर जो हात पडतो तो चष्मा कुठून आणणार? चौकोनात बसलेल्या खेळाडूला मागचं दिसत नसतं. पाठीवर हात पडतो, कानात 'खो' येतो, आणि त्या हातावरूनच तिला कळतं की मागची दमलीय, घाबरलीय की गडी हातातोंडाशी आलाय. तो हात मला शिकवायचा होता. तो खुर्चीवरून शिकवता येत नाही. ग्रंथालयात गेले असते तर मी आयुष्यभर चौकोनातच बसून राहिले असते, आणि माझ्या पाठीवर कुणाचाच हात पडला नसता.

म्हणून मी नाझनीन मुलाणी मॅडमकडे गेले. एसटी स्टँडमागे नवीन उपचार केंद्र झालंय, तिथल्या त्या फिजिओथेरपिस्ट. अर्थात एकटी गेले नाही. यशवंतराव बरोबर होतेच, उशी घेऊन.

मुलाणी मॅडमनी उशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही आधी बाहेर ठेवा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शीर नुसत्या आरामाने बरी होत नाही. तिच्यातल्या पेशींना ताण जाणवला तरच त्या नवे धागे विणतात. ताण नाही तर विणकाम नाही. तीन वर्षं मी त्या विणकरांना सुट्टी देऊन ठेवली होती.

"मग दुखतं ते काय?" मी विचारलं.

"दुखणं वेगळं, दुखापत वेगळी. दुखणं जुनाट झालं की शिरेत नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि संवेदनेच्या तारा घुसतात. शीर फाटत नसली तरी त्या बोंब मारतात. चोर नसताना कुत्रं भुंकतं तसं."

"पण एखाद्या वेळी चोर खरंच आला असला तर?" हे यशवंतराव. प्रश्न बरोबर होता, मान्य करायला हवं.

"तेच आजवर कळत नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातून एक काळा मोजा काढला. कापडात चपट्या चकत्या विणलेल्या होत्या. वरची चकती शिरेला बारीक टिचकी मारते, खालची ती टिचकी ऐकते. ताठ शिरेतून टिचकी झरकन पोचते, ढिल्या शिरेतून रेंगाळत येते. त्या रेंगाळण्यावरून मोज्याला कळतं की शीर किती ताण पेलेल आणि कुठे फाटण्याच्या बेतात आहे. फाटण्याची जराशी जरी शक्यता दिसली, तर तो जोरात थरथरून थांबवतो. मग तुम्ही काहीही म्हणा, तो ऐकत नाही.

"नाव काय याचं?"

"मोजा."

"ते दिसतंय हो. पण यंत्राचं नाव?"

"नावच मोजा. पायात घालायचा म्हणून मोजा आणि मोजायचं म्हणूनही मोजा." मॅडमना स्वतःलाच हसू आलं. "पण याला दोन कान आहेत. एक शिरेला लावलेला, दुसरा तुमच्या तोंडाला. तो म्हणजे ही डबी, ती उशाशी ठेवा. रोज सकाळी पहिलं पाऊल टाकायच्या आधी ती विचारेल. तुमचं उत्तर बघून व्यायामाचं वजन वाढवेल, नाहीतर आहे तिथेच थांबेल. डबीतलं मराठी मी स्वतः घातलंय बरं का. पुण्याहून यंत्राबरोबर आलं ते भलतंच होतं, 'वेदना-उपशमनाची पातळी सांगा' म्हणे! मी साधं सोपं केलं. पेशंटला आम्ही रोज विचारतो तेच."

मी मनापासून मान डोलावली. डोळ्यांसमोर तेव्हाही मैदानच होतं.

आता आमच्या पलंगाजवळचा प्लग यशवंतरावांच्या बाजूला आहे, त्यामुळे डबी गेली त्यांच्या उशाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगावर पांघरूण घेऊन पहिल्या पावलाच्या भीतीने पडून होते, तेवढ्यात डबी गोड आवाजात म्हणाली, "आराम आहे का?"

"पूर्ण आराम आहे!" यशवंतराव म्हणाले. दुकानात नवा माल आलाय का, असं कुणी विचारल्यावर जसं छाती फुगवून सांगतात, तसं.

"छान," डबी म्हणाली. "आज थोडं वजन वाढवू या."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीन वर्षं जो भेटेल तो मला आरामाचंच विचारत होता, त्यात आणखी एक डबी.

व्यायाम जिन्यावर. पायरीच्या कडेला चवडे टेकवायचे, टाचा हवेत. चवड्यांवर उंच व्हायचं, टाचेमागे मोजा हलकेच गुदगुल्या करेपर्यंत थांबायचं, मग सावकाश टाच खाली न्यायची. आधी नुसत्या अंगाच्या वजनावर. मग पाठीला पिशवी. पिशवीत आधी तांब्याची कळशी, मग पितळी पातेलं, आणि डबी रोज 'छान' म्हणत गेली तसा शेवटी दुकानातला बिडाचा खलबत्ता. दुखायचं. चांगलंच दुखायचं. पण मोजा थरथरून थांबवत नव्हता. म्हणजे चोर नाही, नुसतं कुत्रं भुंकतंय, असं स्वतःला बजावून मी दात आवळायची आणि टाच खाली न्यायची.

एकदा एक बाई खलबत्ता घ्यायला आल्या. "एकच आहे," यशवंतराव म्हणाले, "पण तो सध्या आमच्या मंडळींच्या पाठीवर आहे." बाई जिन्याकडे बघून निमूट स्टीलचा घेऊन गेल्या.

वजन वाढताना बघून यशवंतराव हैराण झाले. "एवढं वजन चढवतंय हे यंत्र. तुला आराम कमी पडायला नको." मग उरलेला दिवस ते मला जागचं हलू देईनात. पाय दाबायला लागले. आणि सकाळी डबीने विचारलं की आदल्या दिवशीपेक्षा ठासून सांगायचे, "एकदम पूर्ण आराम! काही काळजी नको!" डबी बिचारी खूश व्हायची आणि आणखी वजन वाढवायची.

दिवाळी जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी मी बैठकीत चौकोनातल्यासारखी चवड्यांवर बसून पाहिलं. बसता आलं! तीन वर्षांत पहिल्यांदा. मग झटक्यात उठून पाहिलं, तेही जमलं. यशवंतराव चहा घेऊन दारात उभे होते.

"काय करतीयस? पाय तुटंल की!"

"तुटत नाही. मोजा आहे पायात."

"त्या मोज्याला काय कळतंय? तू बस बघू आधी."

"बस, बस, बस! तुम्हाला मी बरी व्हायला हवीय की नकोय?"

बोलून गेले.  ते चहा टीपॉयवर ठेवून खाली दुकानात निघून गेले. उत्तर न देता जाणारे यशवंतराव मी तोवर पाहिले नव्हते आणि मला ते मुळीच आवडले नाहीत.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं मुलाणी मॅडमकडे गेलो. पडद्यावरच्या रेघा बघून त्या हरखल्या. "कापसे मॅडम, कमाल केलीत! पहिल्या दिवसापासून रोज पूर्ण आराम! एकाही दिवशी 'नाही' नाही. दुखणं असं एकदम गेलं कसं?"

"गेलं? कुठे गेलं? आज इथला जिना चढतानासुद्धा कळ आली."

"मग रोज सकाळी तुम्ही..."

"मी कुठे सांगते? हे सांगतात."

"मीच सांगतो," यशवंतराव खुर्चीत ताठ झाले. "पूर्ण आराम देतो मी तिला. स्वयंपाक माझ्याकडं, पाणी माझ्याकडं, झाडलोट माझ्याकडं. इकडची काडी तिकडं करू देत नाही."

मुलाणी मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, मी 'बरं वाटतंय का' असं विचारत होते!"

"मग तसं विचारायचं की!"

मला हसू फुटलं. मॅडमही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "चूक माझी आहे. शब्द मी घातला. नशीब की मोज्याचा एक कान शिरेला लागलेला होता. त्याने सीमा ओलांडू दिली नाही."

यशवंतराव हसत नव्हते. "हिने स्वतः खरं उत्तर दिलं असतं तर?"

"तर मोज्याने वजन वाढवलंच नसतं. यंत्र भित्रं आहे, मुद्दामच तसं बनवलंय. पेशंट 'आराम नाही' म्हणाला की ते थांबतं. मॅडम अजून पहिल्याच पायरीवर असत्या."

"म्हणजे तिला दुखत होतं, आणि माझ्या बोलण्यानं तिच्या पाठीवर खलबत्ता चढत होता."

"हो."

त्यांचा चेहरा इतका उतरला की मॅडमना राहवलं नाही. "इकडे या, तुम्हाला ऐकवते काहीतरी. मोज्याची टिचकी आपल्या कानाला ऐकू येईल अशी करता येते. ही पहिल्या दिवसाची."

यंत्रातून आवाज आला. यशवंतरावांनी उभ्या आयुष्यात न वाजवता भांडं विकलेलं नाही. बोटाचं पेर मारायचं आणि ऐकायचं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले. "तडा गेलेलं भांडं."

"आणि ही आजची."

हा आवाज खणखणीत होता. यशवंतरावांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "डाव्या पायाचा पहिल्या दिवशीचा आहे का? तो तर चांगला पाय होता."

तुलनेसाठी तोही घेतलेला होता, मॅडमनी लावला. तोही जवळजवळ बद्दच.

"तीन वर्षांच्या आरामाने तोही ढिला पडला होता," मॅडम हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला एक गंमत सांगू? शिरेचा आतला गाभा माणूस वयात येईपर्यंत तयार होतो, नंतर तो जवळजवळ बदलतच नाही. नवे धागे येतात ते त्याच्याभोवती. म्हणजे परकर-पोलक्यात तुम्ही जो खो-खो खेळलात, तो अजून तुमच्या टाचेत आहे."

मला एकदम भरून आलं. शाळेचं जुनं मैदान, ती लाल माती, कोपरं फुटेपर्यंत मारलेले खांब, सगळं या टाचेत शाबूत होतं, आणि मी त्या टाचेला तीन वर्षं शिव्या घालत होते. मी खाली वाकून तिच्यावर हात फिरवला. लोकांसमोर जरा वेडेपणाच झाला तो.

मॅडमनी डबीतला प्रश्न बदलला. आता ती विचारणार होती, "किती दुखतंय?" आणि फक्त माझाच आवाज ऐकणार होती. "हे सगळं मी पुण्याला कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "माझी चूकही, आणि यंत्राने इतकं भित्रं असायची गरज नाही, हेही."

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"शीर पेलेल. दुखेलही. खेळायचं की नाही, हे आता तुम्ही सांगायचं."

यशवंतरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

परतताना रस्त्यात मिठाईवाले पवार भेटले. "काय म्हणतोय मॅडमचा पाय?" त्यांनी सवयीने यशवंतरावांनाच विचारलं. हे गप्प. शेवटी मीच म्हणाले, "बरा आहे." पवारांना माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकू आला.

रात्री दुकान बंद करताना यशवंतराव एकेक भांडं उगाच वाजवून बघत होते. मी जिन्यावर बसले होते.

"तीन वर्षं मी तुझा पाय बद्द करत होतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही होता म्हणून मी या तीन वर्षांत तगले. नाहीतर खचलेच असते. आणि बरी झाले तीही तुमच्याच तोंडामुळे. तुमचे उपकार मी कुठे फेडू?"

"ते नकळत बोललो गं. आता कळलंय. आता जाणूनबुजून तुला दुखायला कसं पाठवू?" मग हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाले, "ग्रंथालय काय वाईट आहे?"

  त्यांच्या भीतीत माझ्याबद्दलची माया होती, आणि तिच्यावर पाय देऊन मला मैदानावर जायचं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं तर? मी जाणार, हे मला माहीत होतं. पण ते जाणं निराळं झालं असतं.

परीक्षेचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. शिट्टी अजून माझ्याच गळ्यात आहे, आणि चष्मे घालूनही मुली खो मात्र माझ्याकडूनच शिकतात. एका चुकलेल्या शब्दाचे, एका मोज्याचे, मुलाणी मॅडमचे आणि लाल मातीचे उपकार मानून मी रोज बुटाची नाडी बांधते. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या सकाळचं.

उजाडलं. डबी म्हणाली, "किती दुखतंय?"

सवयीने यशवंतरावांचा श्वास आत गेला. मी वाट पाहिली.  खोली इतकी शांत मी लग्नानंतर कधी ऐकली नव्हती.

"दुखतंय," मी म्हणाले. "पण चालेल एवढंच."

मग उठून पलंगाच्या कडेला बसले, पाय खाली सोडले आणि तिथेच अडले. ते पहिलं पाऊल. एवढं सगळं कळूनसुद्धा त्याची भीती गेली नव्हती. तीन वर्षं या क्षणी यशवंतराव माझ्यासमोर येऊन हात पुढे करायचे. मी समोर बघत राहिले. समोर कुणी आलं नाही. मला वाटलं, रुसले. पाठवायचं नाही म्हणून उठलेच नाहीत.

पलंग मागच्या बाजूने करकरला. मग माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, एक पंजा पडला. मागचा घाबरलाय, हे पाठीला लगेच कळलं. ज्याने जन्मात कधी खो-खो खेळला नाही, त्या माणसाचा हात. पण दाब बरोबर होता.

"खो," यशवंतराव म्हणाले.

खो मिळाल्यावर बसून राहायचं नसतं. मी उठले. कळ आली. दुसरं पाऊल टाकलं, तिसरं टाकलं, आणि दारापाशी जाऊन मागे वळून पाहिलं.

खो-खोत नियम असा, की ज्याने खो दिला त्याने उठलेल्या खेळाडूच्या जागी बसायचं. हा नियम त्यांना कुणी सांगितला, मला माहीत नाही. वीस वर्षं माझ्या तोंडून ऐकून पाठ झाला असेल. माझ्या जागेवर, पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून यशवंतराव बसले होते, आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"उठू नका," मी म्हणाले. "आता तुम्ही आराम करा." आणि बूट घालायला गेले.